सादरीकरणासाठी रिंग फाइल करून घेताना: आधी कडी, मग पुठ्ठा, शेवटी छपाई

पुण्यात नारायण पेठेत माझं दुकान आहे. पुढे एक टेबल आणि मागे बाइंडिंगचा कारखाना: कटिंग मशीन, दाबाचा प्रेस, रिबीट (धातूची खिळी) मारायचं पायाचं मशीन आणि कप्पा बोर्डाच्या, म्हणजे जाड करड्या पुठ्ठ्याच्या, थप्प्या. सासऱ्यांच्या काळात इथे खतावण्या आणि हजेरीची रजिस्टरं बांधली जायची. आता निम्म्याहून जास्त काम रिंग फायलींचं असतं. आर्किटेक्ट, सीए, औषध कंपन्यांचे ट्रेनिंग विभाग आणि गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त म्हणजे सोसायट्यांच्या पुनर्विकासाचे सल्लागार येतात.

गिऱ्हाईक येतं ते पेन ड्राइव्हमध्ये लोगो आणि डोक्यात रंग ठरवून. "ताई, बाहेरून भारी दिसली पाहिजे." मी आधी विचारते, आत पानं किती, फाइल कोण उघडणार आणि किती जणांच्या हातातून फिरणार. हे कळल्याशिवाय रेक्झिनचे नमुने मी टेबलावर काढत नाही. फाइल मोडते ती कडीपाशी आणि सांध्यापाशी. कव्हरावरच्या सोनेरी अक्षरांना त्याआधी सहसा काही होत नाही. म्हणून पैसे कुठे घालायचे हे आतून बाहेर ठरवत जायचं.

पुनर्विकासाचंच उदाहरण घेते, कारण तिथे फाइल खरी कसाला लागते. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली राज्य सरकारने ३ जानेवारी २००९ ला मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ४ जुलै २०१९ ला त्या सुधारून आल्या. सल्लागाराची नेमणूक, व्यवहार्यता अहवाल, निविदा, सर्वसाधारण सभा असा तो क्रम. सल्लागार कमिटीपुढे सादरीकरण करतो तेव्हा पडद्यावरच्या स्लाइड संपून जातात, फाइल मात्र मागे राहते. ती सेक्रेटरींकडून खजिनदारांकडे जाते, मग बी विंगमध्ये. कुणाच्या जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून कार्पेट एरियाचा तक्ता वाचला जातो, कुणाचा मुलगा मोबाइलवर एकेका पानाचा फोटो काढतो. म्हणजे ती सपाट उघडी राहिली पाहिजे. मधेच बिल्डरची सुधारित ऑफर येते, चार पानं काढून सहा घालावी लागतात. स्पायरल बाइंडिंग इथे कामाचं नाही, गरम गोंदाने पानं चिकटवणारं थर्मल बाइंडिंग तर मुळीच नाही. रिंग फाइलच हवी, आणि सगळे निर्णय होईपर्यंत टिकणारी हवी.

पानांचा हिशोब

ए झिरो आकाराचा कागद बरोबर एक चौरस मीटरचा असतो आणि त्यातून ए फोरची सोळा पानं निघतात. म्हणून ८० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचं, एक पान ५ ग्रॅमचं आणि २०० पानं म्हणजे एक किलो. जाडी धरा साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे २०० पानांचा गठ्ठा दोन सेंटिमीटरचा झाला. हे आकडे ऑफिसातला कुणीही पाच मिनिटांत काढू शकतो, तरी बहुतेक ऑर्डरी "नेहमीची जाडी द्या" अशाच येतात.

यात तीन गोष्टी वाढवून धरा. पारदर्शक कप्प्यात घातलेलं पान साध्या पानाहून बरंच जाड होतं. घडी घातलेला ए थ्री नकाशा तिपदरी बसतो. आणि नंतर येणारी पानं, जी आज तुमच्या हातात नाहीत, त्यांनाही जागा लागते. कडीचा निदान पाचवा हिस्सा मोकळा राहील असं माप घ्या. साध्या २०० पानांना २५ मिमीची डी रिंग, म्हणजे इंग्रजी डी आकाराची कडी, पुरते. त्यातलं बरंचसं कप्प्यांत जाणार असेल तर ४० वर जा.

चारशे पानांच्या पुढे मी एक फाइल करून देत नाही, दोन भाग करायला सांगते. दोन किलो कागद, त्यावर पुठ्ठा आणि लोखंड, असं ओझं सभेत कुणी शेजाऱ्याला उचलून देत नाही. ते टेबलावरच पडून राहतं. एका भागात अहवाल आणि तक्ते, दुसऱ्यात कायदेशीर कागद अशी विभागणी वाचणाऱ्यालाही सोयीची पडते.

कडी

गोल कडी स्वस्त असते आणि बहुधा फाइलीच्या कण्यावर रिबीट मारून बसवलेली असते. फाइल मिटताना पानांना गोलाईवरून सरकावं लागतं. घाईत मिटली की वरची आणि खालची दोन-चार पानं कडीत अडकून भोकं फाटतात. डी आकाराच्या कडीला एक बाजू सरळ असते. ती मागच्या पुठ्ठ्यावर बसते, पानांच्या कडा एका रेषेत राहतात आणि त्याच मापात गोल कडीपेक्षा साधारण चतुर्थांश जास्त पानं मावतात. आणखी एक फायदा म्हणजे कण्यावर रिबीट येत नाही, तिथे नाव छापायला स्वच्छ जागा मिळते. सादरीकरणाच्या फाइलीला मी डी रिंगच सुचवते. जास्तीची किंमत तिथे वसूल होते.

दोन कड्या की चार? आपल्याकडचे साधे पंच दोन भोकांचे असतात. भोकांच्या मध्यांतलं अंतर ८० मिमी आणि पानाच्या कडेपासून १२ मिमी, हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८३८. बॉनच्या फ्रीड्रिख झोनेकेन यांनी १८८६ मध्ये कागद पंच करायच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं, इतकी जुनी ही गोष्ट आहे. चार कड्यांची फाइल याच मापात वर-खाली एकेक भोक वाढवते. पानं सारखी उलटली जाणार असतील तर चार घ्या. ओढ चार ठिकाणी वाटली जाते आणि पानाचे कोपरे लोंबत नाहीत. पण ऑफिसात चार भोकांचा पंच आहे का ते आधी पाहा. नसेल तर तोही फायलींबरोबरच मागवा, नाहीतर सादरीकरणाच्या आदल्या रात्री कुणीतरी दोन भोकांच्या पंचाने अंदाजे भोकं पाडत बसतं.

हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीला अमेरिकेतल्या ग्राहकासाठी फाइल हवी असते. तिथलं गणितच वेगळं आहे. पान लेटर आकाराचं, २१६ बाय २७९ मिमी, आणि कड्या तीन, १०८ मिमी अंतरावर. त्यांच्या भोकांचं पान आपल्या फाइलीच्या कड्यांत बसत नाही आणि आपल्या पंचाची भोकं त्यांच्या कड्यांना जुळत नाहीत. फाइल कुठे वाचली जाणार हे म्हणूनच पहिल्या फोनवर सांगा.

कडी घ्यायची ती हातात घेऊन, कॅटलॉगमधला फोटो पाहून नाही. मी घाऊक माल उचलताना जे करते तेच तुम्ही नमुन्यावर करा. कडी मिटवून उजेडासमोर धरा. दोन टोकं जुळतात तिथे उजेडाची रेघ दिसली तर ती बाजूला ठेवा. मग साधा कागद त्या जोडावरून सरकवा. कागदाची कड अडली तर तुमचं प्रत्येक पान तिथेच अडणार आहे. मिटताना आवाज एकच आणि ठाम आला पाहिजे. दोन टोकांना उघडायचे खटके असतील तर दोन्ही एकदम दाबून उघडा-मिटा, वीसेक वेळा तरी, आणि पुन्हा उजेडासमोर धरा. सुरुवातीला घट्ट असलेली कडी विसाव्या वेळेला सैल पडली तर काय ते समजा. शेवटी खालच्या पट्टीवर नख घासून पाहा. निकेलचा मुलामा पातळ असेल तर कडेला काळपट लोखंड दिसतं. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात त्या जागी गंज चढतो आणि भोकांभोवती पानांवर तांबूस वळं उमटतात.

फाइल वापरणाऱ्यांना एक सांगून ठेवा: खटके असलेली कडी हाताने ओढून उघडायची नाही. ओढली की टोकं तिरकी होतात आणि मग ती कधीच नीट जुळत नाही.

पुठ्ठा आणि सांधा

बाजारात मिळणाऱ्या साध्या फाइलीत पुठ्ठा दीड-दोन मिमीचा असतो. किलोभर कागदासाठी मी अडीच मिमी वापरते, त्याहून जाड फाइल असेल तर तीन. पण जाडीपेक्षा महत्त्वाचा आहे पुठ्ठ्याचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा. पुठ्ठा दोन्ही बाजूंनी वाकवून पाहा, एका दिशेला तो सहज वाकतो. ती दिशा कण्याला समांतर आली पाहिजे. आडवी आली तर ओलसर हवेत कव्हर तव्यासारखं वाकतं आणि फाइल टेबलावर हलत राहते. पुठ्ठ्याचं पान वाचवायला काही ठिकाणी कापणी मिळेल तशी करतात. पाच-दहा फायली एकाच दिशेने वाकलेल्या दिसल्या तर कारण हेच असतं.

वाकायचं दुसरं कारण अस्तर. बाहेरून जाड रेक्झिन आणि आतून पातळ कागद लावला की दोघांची ओढ सारखी राहत नाही. आतला कागदही वजनदार हवा आणि चिकटवल्यावर फाइल रात्रभर दाबाखाली राहिली पाहिजे. "उद्या सकाळी देतो" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, की दाबात कधी ठेवणार? घाईच्या मालात वाळवण्याचाच वेळ खाल्ला जातो. चिकट म्हणून आम्ही आता फेविकॉलसारखा पांढरा गोंद वापरतो. पूर्वी मैद्याच्या खळीत मोरचूद घालायचे, किडीने पुठ्ठा खाऊ नये म्हणून. आजही कुणी खळ वापरत असेल तर मोरचूद घातलाय का हे जरूर विचारा, फायली कपाटात वर्षानुवर्षं राहणार असतात.

सांधा म्हणजे कणा आणि कव्हर यांच्यामधली खाच. फाइल उघडली-मिटली की सगळा ताण या दोन रेषांवर येतो. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीच्या दुपटीहून थोडी जास्त ठेवावी लागते. कमी ठेवली तर कव्हर पूर्ण मागे जात नाही आणि रेक्झिन तिथे ताणून फुटतं. जास्त ठेवली तर फाइल उभी करताच सगळी खिळखिळी लागते. खाचेत आतून कापडाची पट्टी मारून घ्या. किमतीत फरक थोडा पडतो, आयुष्यात खूप.

कण्याची रुंदीही इथेच ठरवा. २५ मिमीच्या डी रिंगला कणा ४० मिमीच्या आसपास लागतो. तो अरुंद केला तर कव्हरं समांतर राहत नाहीत, फाइल पाचरीसारखी होते आणि थप्पी कोसळते.

कव्हराच्या लांबी-रुंदीबद्दल एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. पारदर्शक कप्पे आणि कडेला जीभ असलेले सेपरेटर ए फोर पानापेक्षा रुंद असतात. कव्हर नुसत्या पानाच्या मापाचं केलं तर जिभा बाहेर येतात, आठवड्यात दुमडतात आणि इतक्या मेहनतीची फाइल विटकी दिसते. तुम्ही वापरणार तो कप्पा आणि तो सेपरेटर माप घ्यायला कारागिराकडे प्रत्यक्ष नेऊन द्या.

वरचं कव्हर

प्लॅस्टिकच्या दोन पत्र्यांत पुठ्ठा घालून कडा वितळवून जोडलेली पीव्हीसी फाइल सगळ्यात स्वस्त पडते. वरच्या पारदर्शक खिशात आपलं पान सरकवता येतं, ही सोय खरी. पण लेझर प्रिंट पीव्हीसीला टेकून राहिलं की काही काळाने शाई प्लॅस्टिकला चिकटते आणि पान ओढताना अक्षरं त्याच्यावरच राहतात. विदर्भातल्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेली पीव्हीसी मऊ पडते. जुनी झाल्यावर तीच सांध्याला कडक होऊन तडकते. खिसा हवाच असेल तर पॉलिप्रॉपिलीनचा मागा, तो शाई उचलत नाही. आतले कप्पेसुद्धा त्याचेच घ्या.

चकचकीत छापील कव्हर, म्हणजे आर्ट पेपरवर रंगीत छपाई, त्यावर लॅमिनेशन आणि ते पुठ्ठ्यावर चिकटवलेलं, दिसायला फार देखणं असतं. ऑफसेटवर छापलं असेल तर टिकतंही. पण ऑफसेट परवडायला संख्या लागते. वीस-तीस प्रती डिजिटलवर छापून लॅमिनेट केल्या तर सांध्याच्या रेषेवर लॅमिनेशन टोनरवरून सुटायला लागतं. मॅट काळा रंग तर मी हट्टाने नाकारायला लावते. त्यावर नखाचा ओरखडा पांढरा दिसतो आणि प्रत्येक बोटाचा ठसा उठतो. तोच रंग हवा असेल तर ओरखडे न उमटणारं लॅमिनेशन मिळतं, ते नाव घेऊन मागा.

कमी संख्येसाठी माझी पसंती बाइंडिंगचं कापड किंवा चांगलं रेक्झिन, त्यावर फॉइलमध्ये, म्हणजे गरम ठशाने दाबलेल्या चकचकीत पन्नीत, फक्त संस्थेचं नाव. प्रकल्पाचं नाव फॉइलमध्ये घालू नका. कव्हरावर प्रेसने चौकोनी खोलगट जागा दाबून घ्या आणि तिथे छापील पट्टी चिकटवा. पट्टी खोलगट जागेत बसल्यामुळे तिच्या कडा उचकटत नाहीत. पुढच्या सोसायटीसाठी तीच फाइल नुसती पट्टी बदलून वापरता येते आणि फॉइलचा ब्लॉक (ठसा) एकदाच करावा लागतो. पितळेचा ब्लॉक महाग असतो पण धार सोडत नाही. पुन्हा ऑर्डर देणार असाल तर तोच करा आणि काम झालं की ताब्यात घ्या, तो तुमच्या पैशाचा आहे.

लोगोतल्या बारीक रेषा फॉइलमध्ये भरून जातात. देवनागरी नाव असेल तर जोडाक्षरं आणि अनुस्वार नीट उठतील एवढं अक्षर मोठं ठेवा. डिझाइनर पडद्यावर मोठं करून पाहतो, त्याला तुम्ही खऱ्या मापाचा प्रिंट काढून दाखवायला सांगा.

आतल्या पानांचं

डाव्या बाजूला २५ मिमी समास सोडा. भोक १२ मिमीवर पडतं आणि वाचताना कडीजवळचा भाग दिसत नाही. ए थ्री नकाशाची घडी अशी घाला की नाव असलेला तक्ता वर येईल आणि भोकांची कड एकेरी राहील, म्हणजे नकाशा कडीतून न काढता उघडता येतो. ज्या तक्त्यांवर सगळ्यांची बोटं फिरणार ते १०० जीएसएमवर छापा. पहिलं आणि शेवटचं पान जाड कार्डाचं कोरं ठेवा, कडीची रग ते सोसतं.

नमुना आणि ऑर्डर

एक भरलेला नमुना केल्याशिवाय पुढची संख्या सांगू नका. रिकामी फाइल सगळ्यांचीच छान दिसते. आपला कागद भरा, पुढचं कव्हर एका हातात धरून फाइल उचला आणि हलकेच हलवा. टेबलाच्या उंचीवरून कोपऱ्यावर एकदा पाडा. कडी उघडली, रिबीट सैल झालं किंवा कोपरा चेपून कापड फाटलं तर ते आत्ताच कळलेलं बरं. कोपऱ्यांना धातूच्या टोप्या लावता येतात, पण त्या काचेच्या टेबलांवर ओरखडे काढतात. मी कापडच दुहेरी दुमडून घेते.

रेडीमेड पाहायचं असेल तर पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा अब्दुल रहमान स्ट्रीट. तिथे कड्यांचे प्रकार हाताळायला मिळतात आणि मग कारागिराशी बोलताना नेमकं बोलता येतं. ऑर्डर कागदावर द्या. साधारण असं लिहा: "ए फोर, पारदर्शक कप्प्यांसाठी रुंद माप. चार कड्यांची डी रिंग २५ मिमी, मागच्या पुठ्ठ्यावर, रिबीट बाहेरून दिसू नये. पुठ्ठा अडीच मिमी, धागा कण्याला समांतर. कणा ४० मिमी. खाचेत कापडी पट्टी. बाहेरून गडद निळं कापड, आतून जाड अस्तर. नाव फॉइलमध्ये, पुढे खोलगट पट्टी. मंजूर नमुना आमच्याकडे." रिबीट झाकायचं असेल तर ते कापड चढवायच्या आधी मारावं लागतं. हे नंतर आठवलं तर कारागीरही काही करू शकत नाही.

माल आला की वरची एक न पाहता मधल्या पेटीतल्या चार काढा, नमुन्याशेजारी ठेवा आणि कडीची उजेडाची परीक्षा पुन्हा घ्या. दोन-तीन फायली आणि थोडे सुटे सेपरेटर जास्तीचे मागवा, कमिटीत कुणीतरी हमखास "आम्हालाही एक" म्हणतं. ठेवताना थप्पीत एकीचा कणा डावीकडे, दुसरीचा उजवीकडे असं आलटून पालटून रचा, म्हणजे कडीच्या बाजूला उंचवटा होत नाही आणि खालच्या कव्हरावर वळ पडत नाहीत. पावसाळ्यात थप्पी भिंतीला टेकवू नका, मधे हातभर जागा सोडा.